तुम्ही विचारलंत म्हणून: हे पाण्यावर तरंगतं का?

घरी येणारा प्रत्येक जण मी बनवलेल्या जहाजाच्या मॉडेलच्या काचेच्या पेटीसमोर उभा राहतो, डोलकाठ्या मोजतो आणि हाच प्रश्न विचारतो. लहान मुलं तर थेट बादलीच मागतात. खरं उत्तर असं की हे तरंगेल, पण आडवं होऊन. कसं ते सांगतो.

पेटीत आहे ते ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ या ब्रिटिश आरमाराच्या शिडाच्या युद्धनौकेचं १:६४ मापाचं लाकडी मॉडेल, म्हणजे खऱ्या जहाजाचे ६४ फूट इथे एक फूट. मूळ जहाज आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरलं. नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकच्या लाकडाचा तुटवडा होता, म्हणून ऑर्डर इकडे आली. बांधकामाचे नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले, पण ‘जावा’ १८१२च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ जहाजाशी लढताना हरलं आणि नकाशेही गेले. नवे नकाशे येऊन काम सुरू व्हायला १८१६ उजाडलं. तोवर युद्ध संपलेलं! एवढं देखणं जहाज इंग्लंडला पोचलं आणि कित्येक वर्षं राखीव म्हणून नुसतं उभं राहिलं.

आता तरंगण्याचं गणित. लांबी ६४ पट कमी केली की वजन ६४ गुणिले ६४ गुणिले ६४, म्हणजे सुमारे २ लाख ६२ हजार पट कमी होतं. खरं जहाज साधारण दीड हजार टनांचं, म्हणून माझं साडेपाच किलोच्या आसपास भरायला हवं. ते त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही, कारण आत पोकळ आहे. पाण्यात सोडलं तर बुचासारखं वर येईल आणि उंच डोलकाठ्यांच्या भाराने आडवं होईल. तळाशी शिसं भरून तेही निस्तरता येईल. पण वाऱ्याचं काय करणार? शिडांवरचा वारा जहाजाला कलंडवतो आणि जहाजाचं वजन त्याला सरळ करतं. आकार ६४ पट लहान केला की ही सरळ करणारी ताकद कलंडवणाऱ्या ताकदीपेक्षा ६४ पट जास्त घटते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि आठाचा वर्ग ६४, म्हणून वाऱ्याचा वेग या मापात आठाने गुणायचा. आमच्या पंख्याची ताशी ७ किलोमीटरची झुळूक या जहाजाला ताशी ५६ किलोमीटरची लागेल. एवढ्या वाऱ्यात खलाशी शिडं गुंडाळायला धावतात. म्हणून मी शिडं चढवलेलीच नाहीत. तशीही ती चढवली की मागची सगळी दोरकामाची मेहनत झाकली जाते. (दोरकामाबद्दल इथे जास्त लिहीत नाही. घरचेही हे वाचतात आणि डायनिंग टेबल किती महिने अडलं होतं ते त्यांना आठवेल.)

पाठोपाठ येणारा प्रश्न: जहाज मलबारच्या सागवानाचं, मग मॉडेल सागाचं का नाही? कारण लाकडाची रेषा लहान करता येत नाही. सागाची पट्टी भिंगाखाली धरा. पाव मिलिमीटरची छिद्रं दिसतात. माझ्या मापात ती खऱ्या फळीतली दीड सेंटिमीटरची भोकं होतात. शिवाय साग तेलकट, त्यावर फेविकॉल नीट धरत नाही. त्याच तेलामुळे सागात लोखंडी खिळे टिकतात, ओकमध्ये गंजतात. मुंबईच्या जहाजांचं नाव झालं ते यामुळेही. जो गुण समुद्रावर कामाला आला, तोच माझ्या टेबलावर आडवा येतो. मी हळदू नावाचं लाकूड वापरलं. रेषा बारीक, रंग पिवळसर, करवतीखाली कडा चुरत नाहीत. जाणकार पाहुणे नाक मुरडतात, तर मुरडोत.

पट्ट्या बसवताना नाळेकडचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा भाग सगळ्यात छळतो. तिथे जहाज गोल गरगरीत वळतं. पट्टी गरम पाण्यात भिजवायची, तापल्या सोल्डरिंग आयर्नवर हळूहळू वाकवायची, टोकाकडे निमुळती तासायची आणि टाचण्यांनी दाबून रात्रभर ठेवायची. घाई केली की आतल्या बाजूने ‘टक्’ असा आवाज येतो आणि नवी पट्टी कापायला घ्यावी लागते.

पाण्याखालच्या भागावर तांबं आहे, कारण लाकूड पोखरणारा टेरेडो नावाचा समुद्री जीव तांब्याला शिवत नाही. खरे पत्रे चार फूट बाय चौदा इंच. माझे १९ बाय साडेपाच मिलिमीटर, स्टेन्ड ग्लासवाले वापरतात त्या तांब्याच्या चिकटपट्टीतून कापलेले. सुरुवात मागून करायची, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि पाणी कडेत घुसत नाही. माझ्याकडे पाणी नाही, तरी क्रम तोच ठेवला. काही जण पत्र्यांवर खिळ्यांची डोकी उठवतात, फोटोत झकास दिसतात. पण इथलं एक मिलिमीटरचं डोकं म्हणजे खऱ्या जहाजावर साडेसहा सेंटिमीटरचं. एवढ्या थोरल्या डोक्याचे खिळे तिथे कोणी मारत नसे, म्हणून मी पत्रे सपाटच ठेवले.

तर बादली आणू नका. मूळ जहाज मात्र अजून पाण्यावर आहे. १९८७ साली ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला आणलं, दुरुस्ती पुरी व्हायला २००१ उजाडलं. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ जहाज याहून जुनं, पण ते कोरड्या गोदीत. ‘ट्रिंकोमाली’ तरंगतंय आणि तिकीट काढून कुणालाही त्यावर चढता येतं.