कोलोनोस्कोपीसाठी मला मिरजेला दोनदा जावं लागलं

संडासात रक्त दिसलं की आपण सगळेच डॉक्टर होतो. मीही झालो. निदान ठरलेलं होतं: मूळव्याध. कारणही तयार होतं, दिवसभर गादीवर बसून हिशेब लिहिणं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी दिवाणजी आहे, वय ५४. पाच महिने ताक, इसबगोल आणि एका ओळखीच्या माणसानं दिलेल्या पुड्यांवर काढले. मग एक दिवस जिना चढताना दम लागला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४. आमच्या डॉक्टरांनी पुड्यांची हकिकत शांतपणे ऐकून घेतली, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि चिठ्ठी लिहिली: कोलोनोस्कोपी. म्हणजे खालच्या बाजूनं दुर्बीण घालून अख्खं मोठं आतडं बघायचं.

"मिरजेला जावा," म्हणाले.

वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय काढलं तेव्हापासून आमच्या भागात दुखण्याची शेवटची पायरी म्हणजे मिरज. लहानपणी कुणाला "मिरजेला नेलंय" असं कानावर आलं की घरातल्या बायका हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. मी गेलो तो दवाखाना साधा, खासगी. पण पोटात तोच जुना गोळा आला.

काउंटरवरच्या मुलीनं इंग्रजीत छापलेला कागद आणि औषधाचं पाकीट दिलं. "काका, रात्री हलकं खायचं आणि हे पाण्यातनं प्यायचं." बस्स, एवढंच. मी हलकंच खाल्लं की. अर्धी भाकरी, वांग्याची भाजी, वर शेंगाची चटणी. औषधाचे शेवटचे दोन ग्लास घशाखाली उतरेनात, ते गुपचूप मोरीत ओतले.

दुसऱ्या दिवशी गुंगीतून जागा झालो तर डॉक्टर समोर उभे. "काका, शेंगदाणे खाल्ले होते?"

तपासणी अर्ध्यात सोडावी लागली होती. वांग्याच्या बिया आणि शेंगदाण्याचे कण दुर्बिणीच्या पाणी ओढायच्या नळीत अडकतात. आतड्याला घाण चिकटलेली असेल तर तिच्यामागं काय आहे ते दिसत नाही. त्यात मी लोहाच्या गोळ्या चालूच ठेवल्या होत्या. त्यानं शौच काळी आणि चिकट होते. त्या घेतो का, हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. पैसे गेले ते गेलेच.

दुसऱ्या खेपेला एका सिस्टरनं समोर बसवून मराठीत सगळं सांगितलं आणि बायकोनं वहीत लिहून घेतलं. लोहाच्या गोळ्या ७ दिवस आधी बंद. बीपीची गोळी त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर चालेल. शुगरच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांनाच विचारायचं, मनानं बंद करायच्या नाहीत. तीन दिवस भाकरी, पालेभाजी, बियांची फळं, शेंगदाणे सगळं वर्ज्य. भात, इडली, दही, साल काढलेला बटाटा एवढ्यावर राहायचं. आदल्या दिवशी तर फक्त आरपार दिसेल असं पातळ: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत नको, कारण त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

आता औषध. पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची पावडर दोन लिटर पाण्यात कालवायची. ती अंगात शोषली जात नाही, पाणी धरून ठेवते आणि आतडं धुऊन काढते. अंगातले क्षार कमी होऊ नयेत म्हणून त्यात क्षारही घातलेले असतात. त्यामुळं चव अशी, की समुद्राच्या पाण्यात कुणीतरी लिंबू पिळलंय. एक लिटर संध्याकाळी सहाला सुरू केलं, दुसरं पहाटे चारला. दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. फ्रिजमध्ये गार करून, स्ट्रॉनं, जीभ चुकवत प्यायलं तर उतरतं. तासभर काहीच झालं नाही. "औषध जुनं दिसतंय," असं मी बायकोला म्हणालो. त्यानंतर जे सुरू झालं त्याचं वर्णन नको. फक्त एक सांगतो: नाडीचा पायजमा घालू नका, लुंगी बरी. आणि खोबरेल तेलाची बाटली संडासातच ठेवा.

सिस्टर म्हणाली होती, शेवटी हळदीच्या पाण्यासारखं पिवळं आणि तळ दिसेल इतकं स्वच्छ व्हायला पाहिजे. रंगावरून हळद ओळखण्यात माझी ३० वर्षं गेली. सकाळी सातला माल पास झाला.

या तयारीपुढं खरी तपासणी म्हणजे काहीच नाही. मागून उघडा गाऊन, हाताला सलाईनची सुई, बोटाला चिमटा. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. दुधासारखं पांढरं इंजेक्शन शिरेतून जाताना जरा झोंबलं आणि पुढचं मला ठाऊक नाही. शेजारच्या कॉटवर अथणीचे एक गृहस्थ होते, त्यांनी पूर्ण गुंगी घेतली नव्हती. मोडक्या मराठीत ते म्हणाले की वळणावर पोटात जोरात कळ येते, पण सोसते. जागा झालो तेव्हा पोट हवेनं तट्ट फुगलेलं. मी आवरून धरलंय हे वॉर्डातल्या मामांनी ओळखलं. "लाजू नका काका, सोडा. हितं सगळे तेच करत्यात." करतच होते.

डॉक्टरांनी सगळं बायकोला सांगितलं, ते बरं झालं. मी गुंगीत एकच प्रश्न तीनदा विचारला म्हणे. दुर्बीण लहान आतड्याच्या तोंडापर्यंत नेतात आणि नीट बघतात ते परत येताना. येताना डाव्या बाजूला देठाच्या अळंबीसारखा १२ मिलिमीटरचा कोंब सापडला. तारेचा फास टाकून, करंट देऊन तो तिथंच कापला. मूळव्याधही होतीच, म्हणजे पाच महिने मी अगदीच चुकत नव्हतो. दिवसभर गाडी चालवायची नाही आणि महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही, असं बजावलं. दोन आठवड्यांपर्यंत कधीही जास्त रक्त गेलं, ताप आला किंवा पोट कडक होऊन दुखलं, तर विचारत न बसता यायचं. तसं काही झालं नाही.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला: अडेनोमा. कॅन्सर नाही, पण वर्षानुवर्षं तसाच ठेवला तर होऊ शकतो अशा जातीचा. मला ३ वर्षांनी परत बोलावलंय. आणि सख्ख्या भावंडांनीही एकदा तपासून घ्यावं, असं डॉक्टर म्हणाले.

थोरला भाऊ तासगावकडं द्राक्षबाग करतो. दोनदा फोन केला. "मला काय धाड भरलीय? फळछाटणी होऊ दे, मग बघू," म्हणाला. फळछाटणी ऑक्टोबरात. बायकोच्या वहीतलं पान मी स्वच्छ अक्षरात उतरवून त्याच्याकडं पाठवलंय, शेंगाच्या चटणीखाली दोन रेघा मारून.