पाहून घेऊ एकदा

सोमवार, रात्री

आज मैत्रिणीचा फोन आला. सगळं ठरवूनच केला होता तिनं. सुट्ट्या, मुक्काम, बोट, पाण्याखाली उतरायचे तीन दिवस. "चल ना. प्रवाळ पाहून घेऊ एकदा. दहा वर्षांनी काय उरणार आहे?" मी "कळवते" म्हणून फोन ठेवला, पण मन तोवर पाण्यात उतरलंही होतं.

प्रवाळ मी आजवर एकदाच पाहिलंय, पंधरा वर्षांपूर्वी. मास्क लावून तोंड पाण्यात घातलं आणि दिसण्याआधी ऐकूच आलं. वाळक्या पाचोळ्यावरून कुणीतरी चालत असावं अशी सतत तडतड. तो नांग्या आपटणाऱ्या छोट्या कोळंब्यांचा आवाज असतो, हे नंतर कळलं. मग नजर सरावली. जांभळं, पिवळं, मातकट हिरवं, शिंगांसारखं, मेंदूसारखं, ताटासारखं. मी श्वास घ्यायचा विसरले आणि नाकातोंडात पाणी गेलं.

परतताना किनाऱ्यावरून एक तुकडा उचलून आणला. असं उचलू नये हे तेव्हा माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. माहीत होतं. तो तुकडा अजून पुस्तकांच्या कपाटात आहे. पांढरा, हलका, बारीक भोकांचा. इतकी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो "हे प्रवाळ" म्हणून दाखवत आले. हाडं काढून "ही आमची आत्या" म्हणण्यातलाच प्रकार.

मंगळवार

झोप आली नाही म्हणून पुन्हा वाचत बसले.

त्या तुकड्याचं प्रत्येक भोक म्हणजे एका पॉलिपचं घर. पॉलिप हा प्राणी. मऊ पिशवीसारखं शरीर, वर तोंड, तोंडाभोवती स्पर्शक. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. काही जातींत पॉलिपच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत भाग या भाडेकरूकडूनच भागतो. प्रवाळाचा मातकट-हिरवट रंगही बहुतांशी त्याचाच. या भागीदारीच्या जोरावर समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत, तेही पोषकद्रव्यांची वानवा असलेल्या निळ्याशार पाण्यात, सागरी जीवजातींपैकी सुमारे पाव जाती कधी ना कधी आसऱ्याला येतात.

आणि हे सगळं मोडायला लागतो एक अंश. नेहमीच्या उन्हाळ्यात पाणी जास्तीत जास्त जितकं तापतं, त्याहून एक अंश सेल्सिअस जास्त आणि तेही काही आठवडे टिकून. मग शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, त्यातून घातक रसायनं तयार व्हायला लागतात आणि पॉलिप आपल्या पोशिंद्यालाच बाहेर काढतो. मागे राहते पारदर्शक कातडी आणि आतून दिसणारा चुन्याचा सांगाडा. याला विरंजन म्हणतात. शब्द फार सभ्य आहे. पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं, ते उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर वर केसाळ शेवाळ चढतं आणि मग त्याला पांढरंही म्हणता येत नाही.

हा ताप मोजायची पद्धत मला विलक्षण वाटली. एकक आहे 'डिग्री हीटिंग वीक'. नेहमीच्या उन्हाळ्यातल्या त्या कमाल तापमानापेक्षा एक अंश जास्त तापलेला एक आठवडा म्हणजे एक. दोन अंश जास्त तापलेला आठवडा म्हणजे दोन. मागच्या बारा आठवड्यांची बेरीज करत जायची. चारच्या आसपास विरंजन सुरू होतं, आठच्या पुढे मरण. अमेरिकेच्या नोआ या संस्थेचे उपग्रह-नकाशे ही बेरीज रोज दाखवतात. पूर्वी त्यात इशाऱ्याच्या वरच्या पातळ्या दोनच होत्या. अलीकडे समुद्र असा तापला की त्यांना आणखी तीन पातळ्या जोडाव्या लागल्या. तापमापक लहान पडला म्हणून मोठा आणावा, तसं.

जगभर एकाच वेळी विरंजन होण्याचे प्रकार आजवर चार. पहिला १९९८ साली, तेव्हा जगातल्या सुमारे २१ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजनाइतका ताप सोसावा लागला. दुसरा २०१० साली, ३७ टक्के. तिसरा २०१४ ते २०१७, ६८ टक्के. चौथा एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाला, आणि वर्षभरात तो आकडा ८४ टक्क्यांवर गेला होता.

मी पाण्यात तोंड घातलं ते वर्ष २०१०च्या आगेमागेच होतं. म्हणजे मी जे पाहून श्वास विसरले, तेही बहुधा आजारपणातून उठलेलं किंवा आजारपणात शिरणारंच असणार. मला काही कळलं नव्हतं. कळणार कसं, त्याआधीचं काही पाहिलेलंच नव्हतं.

बुधवार

दादाला सांगितलं. तो हसला. "तू गेली नाहीस म्हणून विमान थांबणार आहे का? ते उडणारच."

मी गप्प बसले. तिथल्या तिथे उत्तर सुचणं हा माझा प्रांत नाही. मला उत्तरं रात्री भांडी आवरताना सुचतात, म्हणून तर ही वही.

आधी आकडा लिहून ठेवते. ये-जा मिळून वीसेक तासांचं उड्डाण. माणशी जवळजवळ दोन टन कार्बन डायऑक्साइड. जगात वर्षाला खनिज इंधनांपासून साधारण ३७ अब्ज टन निघतो, डोईप्रमाणे वाटला तर पावणेपाच टनांच्या आसपास. म्हणजे एका सहलीत पृथ्वीवरच्या सरासरी माणसाचे पाच महिने संपले. आणि ३७ अब्जांपुढे दोन म्हणजे काय, ते दादाला गणित न करताही दिसतं.

पण २०१६ साली डर्क नॉट्झ आणि ज्युलिएन स्ट्रोव्ह या दोन शास्त्रज्ञांनी 'सायन्स'मध्ये एक हिशेब मांडला होता, तो माझ्या डोक्यातून जात नाही. दर टन कार्बन डायऑक्साइडमागे आर्क्टिकचं सप्टेंबरातलं सागरी बर्फ सुमारे तीन चौरस मीटरनं घटतं. दोन टन म्हणजे सहा चौरस मीटर. मी झोपायच्या खोलीत टेप घेऊन मोजलं. पलंग आणि दारापर्यंतची फरशी धरली की तेवढं होतं. प्रवाळासाठी असा हिशेब माझ्या तरी वाचनात नाही. कदाचित म्हणूनच दादाचा प्रश्न प्रवाळाच्या बाबतीत जास्त टोचतो. बर्फ इंचाइंचानं वितळतं, त्यात माझा इंच दाखवता येतो. प्रवाळ मात्र तापाची ती बेरीज तीन साडेतीन होईपर्यंत सोसतं आणि मग एका आठवड्यात पांढरं पडतं. त्यात माझा टन कुठला?

आता रात्रीचं उत्तर. दादा, विमानाचंही असंच आहे. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा मी न गेल्यानं काही बदलणार नाही. पण कंपनी रिकाम्या खुर्च्या मोजतच असते. कधीतरी एका खुर्चीनं त्यांचा आकडा पलीकडे जातो आणि आठवड्याची एक फेरी रद्द होते. तेव्हा एकाच माणसाच्या न जाण्यानं अख्खं विमान जमिनीवर राहतं. ती खुर्ची कुणाची, हे कुणालाच कळत नाही. सरासरी काढली तर प्रत्येक खुर्चीच्या वाट्याला येतं ते खुर्चीएवढंच. प्रवाळाच्या तापाची बेरीज चारवर नेणारा टनही कुणाचा तरी असतोच, त्यावर नाव नसतं इतकंच.

लहानपणी ऐकलेली खुलभर दुधाची कहाणी आठवली. राजाच्या हुकमानं गावानं घरचं सगळं दूध ओतलं तरी गाभारा भरेना, आणि म्हातारीच्या खुलभर दुधानं भरला. मला तेव्हाही प्रश्न पडायचा, आधीचं दूध गेलं कुठे? ते धरूनच भरला ना? कहाणी सांगणारी आजी म्हणायची, गप ऐक.

गुरुवार

दादाच्या बाजूनंही लिहायला हवं, नाहीतर ही वही म्हणजे माझ्या वकिलाची डायरी व्हायची.

'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द घरोघरी पोचवण्यात मोठा हात बीपी या तेल कंपनीचा. २००४-०५च्या सुमारास त्यांनी लोकांना आपापला ठसा मोजायला गणकयंत्र दिलं, जाहिराती केल्या. तेल काढणाऱ्यानं तेल वापरणाऱ्याला विचारायचं, "तुमचं किती?" चलाखीला दाद द्यावी लागेल. मी गळका नळ बंद करत बसायचं आणि धरणाचा दरवाजा कुणी उघडा टाकला ते विचारायचं नाही. वीज कशापासून बनवायची, रेल्वे कुठे धावायची, कोळसा कधी थांबवायचा, हे माझ्या स्विचवर ठरत नाही.

हे सगळं खरं. तरी यातून माझी सुटका होते का, हे पाहायला बसले आणि अडकले. कारण 'सगळेच तर उडतात' हे खोटं निघालं. एका अभ्यासानुसार २०१८ साली जगातल्या फार तर ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला. उरलेले जमिनीवर होते, आणि त्यांतले कितीतरी अशा किनाऱ्यांवर जिथे लाटेचा जोर प्रवाळभित्तीच अडवते. भित्ती धड असेल तर येणाऱ्या लाटेची सरासरी ९७ टक्के ऊर्जा ती शोषून घेते. त्यांनी खुर्ची अडवलीच नव्हती.

मग म्हटलं, पूर्ण हिशेब करू. गेल्या वर्षीचा. पेट्रोल लिटरमागे २.३ किलो, ते जमलं. विजेची बिलं काढली. स्टीलची बाटली, कापडी पिशव्या, ज्यांचा मला एवढा अभिमान, ते सगळं मिळून चिमूटभरसुद्धा नाही. आणि मग कार्यालयाच्या कामासाठी केलेले प्रवास. चार उड्डाणं. ती मी कधी मोजलीच नव्हती, कारण ती 'माझी' नव्हती, कामाची होती. त्यातल्या एका बैठकीत मी फक्त चहा घेतला आणि दोनदा मान डोलावली.

म्हणजे सोमवारपासून मी एका आनंदाच्या सहलीवरून स्वतःला छळतेय, आणि कंटाळ्याच्या चार सहली कुणी न विचारता केल्या. याचा राग आला. कुणावर, ते नीट सांगता येत नाही.

शुक्रवार

साहेबांना विचारलं, पुढच्या महिन्याची बैठक पडद्यावर घेता येईल का. "बघू," म्हणाले. मराठीत 'बघू'ला जे वजन असतं तेवढंच त्याला होतं. लेखी विनंती पाठवली आहे, आणखी तिघांच्या सह्या घेऊन. एकीनं सही करताना विचारलं, "प्रवाळांसाठी?" मी म्हटलं, "कंबरेसाठीही."

शनिवार, पहाटे

थोडं आशेचंही लिहून ठेवते, कारण तेही खरं आहे.

ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभित्तीवर २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ असं विरंजन झालं. तरी मधल्या शांत वर्षांतल्या वाढीमुळे २०२२च्या पाहणीत तिच्या उत्तर आणि मध्य भागात जिवंत प्रवाळाचं आच्छादन ३६ वर्षांतलं सर्वाधिक भरलं होतं. फांद्यांची प्रवाळं भराभर वाढतात, जागा भरून काढतात. मात्र तीच सर्वांत आधी मरतात, आणि २०२५च्या पाहणीत उत्तरेचं आच्छादन एका वर्षात सुमारे पाव भागानं घटलं. मोठी गोटा-प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटर वाढतात, झाडाच्या खोडासारखी आत वर्षागणिक वलयं ठेवत. त्यांच्यासाठी दहा वर्षं म्हणजे तळहाताची रुंदी.

म्हणजे त्यांना सावरायला येतं. वेळ हवा, आणि तोच आटतोय. १९८०च्या सुरुवातीला एका जागी दोन तीव्र विरंजनांत २५-३० वर्षांचं अंतर असे, २०१६पर्यंत ते सहा वर्षांवर आलं होतं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीनं २०१८ साली सांगितलं होतं, दीड अंश तापमानवाढीत प्रवाळं आणखी ७० ते ९० टक्क्यांनी घटतील, दोन अंशांत ९९ टक्क्यांहून जास्त. लोक यातला दुसरा आकडा वाचून हताश होतात. मी दोन्हींमधल्या फटीकडे बघत बसते. शंभरातली दहा ते तीस उरणं आणि एकही न उरणं यांत अर्ध्या अंशाचा फरक आहे. दहा उरली तर प्रवाळं पौर्णिमेनंतरच्या ज्या ठरलेल्या रात्री अंडी सोडतात, त्या रात्री सोडायला अंडी तरी असतील.

रविवार

मैत्रिणीला नाही म्हणून कळवलं.

कारण विचारलं तर हिशेब सांगितला, पण तेवढंच खरं नाही. मला भीती वाटते. उतरले आणि सगळं कपाटातल्या तुकड्यासारखं दिसलं तर? तत्त्व आणि भित्रेपणा यांचं कधीकधी इतकं छान जमतं की कोण पुढे चाललंय ते कळत नाही.

ती रागावली नाही. म्हणाली, तिच्यासारख्यांची पाहणी झालीय म्हणे कुठेतरी. झालीय खरी, २०१६ साली छापून आली. ग्रेट बॅरियर रीफला आलेल्यांपैकी जवळपास ७० टक्क्यांनी सांगितलं होतं, नाहीसं होण्याआधी बघायला आलो. "मी त्या सत्तरांतली," ती म्हणाली, "प्रवाळाला चालेल असं सनस्क्रीन घेतलंय हं मात्र." मला हसू आलं. तिलाही आलं. ती जाणार आहे, आणि मी तिला अडवलं नाही. अडवायला हवं होतं का, ते मला आजही कळलेलं नाही.

संध्याकाळी ती मास्क मागायला आली. पंधरा वर्षं माळ्यावर पडलेला. धुऊन दिला. पट्ट्याचं रबर सैल झालंय, म्हटलं, बदलून घे, नाहीतर पाणी आत येईल.