पोवळ्याची अंगठी

आईच्या उजव्या हाताच्या अनामिकेत गेली वीस वर्षे पोवळ्याची अंगठी आहे. पत्रिकेतल्या मंगळासाठी कोणा ज्योतिषाने ती सुचवली, लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाने घडवून दिली आणि तेव्हापासून कणीक मळतानाही ती बोटातून निघालेली नाही. पोवळे हा हिऱ्यामाणकांसारखाच खाणीतून निघणारा खडा असावा, असा आमच्या घरात सर्वांचा समज होता, माझाही होता.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही सारे अंदमानला गेलो. पुण्याचा माणूस अंदमानला जातो तो सावरकरांची कोठडी पाहायला. समुद्र त्याला वाटेत भेटतो. सेल्युलर जेलमधून बाहेर पडल्यावर बाबा बराच वेळ कोणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही स्वराजद्वीपला, म्हणजे २०१८ पर्यंतच्या हॅवलॉकला पोहोचलो आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलीने स्नॉर्केलिंगचा हट्ट धरला.

एलिफंट बीचवर आमच्या हाती मुखवट्यासारखे चष्मे आणि श्वासाच्या नळ्या आल्या. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी लावून ती विसळायची असते, असे तिथल्या मुलाने सांगितले, तेव्हा आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "आणि ही नळी माझ्याआधी कोणाच्या तोंडात होती?" असे विचारून तिने पर्समधल्या थर्मासमधले गरम पाणी त्या नळीवर रिकामे केले. बाबांना या सूचनांची गरज वाटली नाही, कारण ते लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत आणि पुढे टिळक तलावात रीतसर पोहायला शिकलेले. परंतु स्नॉर्केलिंगमध्ये पोहण्याचे कौशल्य फारसे उपयोगी पडत नाही. पालथे पडून राहायचे आणि तोंडाने श्वास घ्यायचा, एवढेच काम असते. बाबा दर मिनिटाला आम्हाला सूचना देण्यासाठी डोके वर काढत. शिवाय त्यांच्या भरघोस मिशांमुळे चष्मा चेहऱ्याला घट्ट बसत नव्हता आणि फटीतून पाणी आत शिरत होते. शेवटी त्या मुलाने मिशांना व्हॅसलीन चोपडले.

पोहता न येणाऱ्या आईने मात्र सांगितले तसेच केले. तरंगत्या रिंगेला धरून ती पाण्यावर निश्चल पडून राहिली, आणि आमच्यात सर्वांत जास्त तिनेच पाहिले.

खाली फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे, सोललेल्या अक्रोडासारखे, सांबरशिंगांसारखे प्रवाळ होते. त्यांच्यावर असंख्य इवले जीव राहतात आणि समुद्राच्या पाण्यातला चुना वापरून आपली घरे बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते, जे उन्हावर अन्न तयार करून त्यातला बराचसा वाटा मालकाला देते. भाडेकरूने मालकाला पोसण्याची ही पद्धत पुण्यातल्या वाड्यांना ठाऊक नव्हती. पण पाणी काही आठवडे नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभराने जरी जास्त तापले, तरी मालक भाडेकरूला घराबाहेर काढतो, स्वतः पांढरा पडतो आणि बहुधा उपाशी मरतो. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात असे फार मोठ्या प्रमाणावर घडले होते. आमच्या वाटेतही करड्या, शेवाळलेल्या, मोडक्या फांद्यांचे ढीग लागले. त्यातले तापल्याने किती मेले आणि आमच्यासारख्यांच्या पायाखाली किती मोडले, हे वरून पाहून कळण्यासारखे नव्हते.

बाहेर आल्यावर आईने परातीएवढ्या हिरव्यानिळ्या माशाचे वर्णन केले. पाण्यात काचेतून पाहिलेली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते, हे बाबांनी कुठेसे वाचलेले असल्यामुळे त्यांनी लगेच तिच्या माशातून एक चतुर्थांश वजा केला. "ताटलीएवढा म्हण," ते म्हणाले. आई तिकडे लक्ष न देता सांगत राहिली, की तो मासा खडीसाखर चावल्यासारखा कुरकुर आवाज करत प्रवाळ खात होता. तो पोपटमासा असावा. तो चुनखडीचे पीठ करून ते मागून सोडतो आणि अशा किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूतला मोठा हिस्सा त्याचाच असतो, असे त्या मुलाने सांगताच आईने वाळूवर टेकलेला हात उचलून घेतला.

हात उचलताना अंगठी नातीच्या डोळ्यांसमोर आली. "आजी, तुझे पोवळेसुद्धा असल्याच जिवांचे आहे," ती म्हणाली. अंगठ्यांतली लाल पोवळी वेगळ्या जातीची, बरीचशी भूमध्य समुद्रातली, अधिक खोल पाण्यात वाढणारी. पण ती बनतात जिवांनीच, एवढे खरे होते.

आई क्षणभर गप्प राहिली. "म्हणजे वीस वर्षे मी हाड घालून स्वयंपाक करते आहे? नवरात्रातसुद्धा?"

"मंगळाला चालते," बाबा म्हणाले.

मुलीने उचललेला प्रवाळाचा मेलेला तुकडा त्या मुलाने परत पाण्यात टाकायला लावला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळांना वाघाच्या बरोबरीने पहिल्या परिशिष्टात संरक्षण दिले आहे आणि विमानतळावर सामान तपासतात, असे तो म्हणाला. सराफाची पावती पुण्याला कपाटात राहिली होती. विमानतळावरच्या रांगेत मी सहज पाहिले, तेव्हा आईने अंगठी फिरवून खडा तळहाताकडे वळवला होता आणि मूठ घट्ट मिटली होती.