तुम्ही विचारलंत म्हणून : गणिताचं पुढचं साहित्य कधी काढायचं?

लेकीला शाळेत घातलेलं नाही हे कळलं की पहिला प्रश्न कायद्याचा येतो, दुसरा "मग मित्रमैत्रिणी कशा मिळणार?" हा. पण ज्यांनी स्वतःच मुलांना घरी शिकवायचं ठरवलंय ते वेगळंच विचारतात : "गणितातलं पुढचं साहित्य द्यायची वेळ झाली, हे तुम्ही ओळखता कसं?" पहिल्या दोघांना मी हल्ली दोन वाक्यांत वाटेला लावते. या तिसऱ्यावर मात्र बोलायला मला आवडतं.

शाळेत हे जून महिना ठरवतो. घरी असं कुणी ठरवून देत नाही. एनआयओएस, म्हणजे घरी शिकणाऱ्यांनाही परीक्षा देता येते ती राष्ट्रीय मुक्त शाळा; तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणातली पहिली पातळीच तिसरीच्या तोडीची, त्यामुळे साडेसहा वर्षांच्या मुलीचं गणित तपासायला कुणी येत नाही. मग आईबापच परीक्षक होतात आणि पानं मोजू लागतात. वही भरली, उत्तरं बरोबर आली, चला पुढचं पुस्तक! मला हे पटत नाही. मी एवढंच बघते, की कुणी विचारलेलं नसताना, स्वतःच्या कामासाठी, ती ते वापरते का.

साधं मोजणंच घ्या. चार वर्षांची असताना ती वीसपर्यंत घडाघडा म्हणायची, पाहुणे खूश व्हायचे. पण ताटलीतले सात शेंगदाणे मोजून झाल्यावर "मग किती आहेत?" म्हटलं, की परत एकपासून सुरुवात. शेवटी उच्चारलेला आकडा हा अख्ख्या ढिगाचा असतो, हे तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिथे बेरजेची कार्डं आणून काय करणार? नवं काही काढलं नाही, फक्त जेवणाची ताटं मांडायचं काम तिच्याकडे दिलं. ती एकेक ताट घेऊन प्रत्येकासमोर ठेवायची, परत स्वयंपाकघरात, परत बाहेर. बरेच दिवस हेच चाललं. मग एकदा दारातून डोकावून तिने माणसं मोजली आणि पाच ताटं एकदम उचलून आणली. त्या आठवड्यात मी अंकांची कार्डं काढली.

बेरजेचं सापशिडीने सांगितलं. आम्ही दोन फाशांनी खेळतो. पाच आणि तीन पडले की आधी ती सगळे ठिपके एकपासून मोजायची. मग पाचचा ठिपक्यांचा आकार नुसता बघून ओळखायला लागली. आणि नंतर कधीतरी एका फाशावर बोट ठेवून "पाच", आणि पुढे "सहा, सात, आठ". हे पुढे मोजणं आलं की अधिकचं चिन्ह दाखवायला हरकत नाही. त्याआधी दाखवलं तर मूल ते चिन्ह गिरवतं, बास.

(सापशिडीबद्दल एक तक्रार. पट दहा-दहा घरांचा असूनही दहा पुढे गेलं की सोंगटी कधीच सरळ वरच्या घरात जात नाही, कारण ओळी एकदा डावीकडून उजवीकडे, एकदा उलट. दशक समजायला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू होणारा शंभराचा तक्ता वेगळा हवा.)

दशकापाशी मी सगळ्यात जास्त थांबले. माँटेसरीचे सोनेरी मणी आमच्याकडे होते : सुटा मणी, दहांची दांडी, शंभराचा चौकोन, हजाराचा ठोकळा. दिसायला इतके देखणे, की कधी एकदा तिच्या हातात देतोय असं होतं. पण दहाचं एक नाणं आणि एकेकची पाच नाणी समोर ठेवली तर ती खुशाल पाच उचलायची, जास्त आहेत म्हणून. दहा सुटे मिळून 'एक' काहीतरी होतं, ही मोठी उडी आहे. ती घेतल्याशिवाय दहांची दांडी म्हणजे तिच्या लेखी नुसती लांब वस्तू. भाजीवाल्या मावशींकडे सुटे मोजून देता देता ते तिला कळलं, मग दांड्या काढल्या. चौकोन अजून कपाटात आहे.

इथे आपल्या आकड्यांची नावं आडवी येतात. पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. मूल 52 लिहितं आणि घरचे म्हणतात, अजून तयार नाही. ते खरं असेलच असं नाही. ज्या मुलीने 52 लिहिलं, तिनेच दोन दांड्या आणि पाच सुटे मणी बरोबर काढले होते. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! आमच्या घरी दोन्ही चालतं. आजींशी बोलताना सदुसष्ट, मण्यांपाशी साठ सात.

"चाचणी का नाही घेत?" असंही विचारतात. कारण मोठ्यांनी विचारलं की मुलं आपल्या तोंडाकडे बघून उत्तर देतात. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग प्रसिद्ध आहे : सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी, त्यातली एक पसरवायची आणि पुन्हा विचारायचं, आता सारख्याच आहेत का? लहान मुलं 'नाही' म्हणतात. 1974 मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या संशोधकांनी तेच काम एका खट्याळ खेळण्यातल्या अस्वलाकडून 'चुकून' करवलं, तर कितीतरी जास्त मुलांनी बरोबर सांगितलं. बाईंनी मुद्दाम हलवून पुन्हा विचारलं म्हणजे आपलं काहीतरी चुकलं असणार, असं मुलांना वाटत असावं. म्हणून मी बघते, विचारत नाही. निदान प्रयत्न तरी तसा असतो.

कंटाळा आला म्हणजे पुढचं द्या, असं नाही. कधी ती दांड्यांची घरं बांधत बसते आणि त्यातच लांब-आखूड जुळवत असते. कधी खरंच झोप आलेली असते. काढलेल्या वस्तूकडे ढुंकून बघितलं नाही तर ती निमूट कपाटात जाते, "महाग आहे गं" न म्हणता. सासूबाईंना पावकी-निमकी तोंडपाठ आहे, आणि त्यांच्याबरोबर लेक पाढे झोकात म्हणते. म्हणू दे. पण म्हणून मी गुणाकार काढलेला नाही.

सध्या आम्ही हातच्यापाशी आहोत. 27 रुपयांत 5 घालून नाण्यांनी ती बरोबर 32 करते, दहा सुट्यांच्या बदल्यात एक दहाचं नाणं घेऊन. तेच वहीत उभं मांडलं की सात-पाचचे 12 तसेच खाली, शेजारी 2, आणि उत्तर 212. तिला त्यात काहीच खटकत नाही. मी खोडत नाही, लाल पेनही नाही. नाण्यांची देवघेव चालू ठेवलीय. ते 212 बघून "एवढे कुठून आले?" असं तीच म्हणेल, तेव्हा उभ्या बेरजेची वही पुन्हा काढू.