देवाचा चेहरा नको, देवाची पानं भरू

लातूरला वन्संच्या घराची वास्तुशांत होती. देवघरामागं लावायला फुलीच्या टाक्याची फ्रेमच हवी, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. त्यांचं माहेर म्हणजे आमचं घर परळीच्या वैजनाथाला मानणारं, सासर माळकरी. त्यामुळं महादेवही हवा आणि विठ्ठलही. देवाचे चेहरे भरायला मात्र मी साफ नकार दिला. चौकटी मोजून भरताना डोळ्याला जेमतेम दोन-तीन टाके मिळतात. एक टाका इकडचा तिकडं झाला की देव चकणा! त्यापेक्षा देवाला वाहतो तेच भरू म्हटलं: बेल, तुळस आणि गणपतीच्या दूर्वा.

बाजारातल्या छापील नमुन्यात बेल होता, पण तिन्ही पानं एकाच मापाची, एकाच ठिकाणी जुळलेली. सासूबाईंनी कागद लांब धरून पाहिला. "बेल हाय व्हय हा? मला तर मेथी वाटली."

मग दारातल्या बेलाचं पान तोडून ग्राफ पेपरवर ठेवलं. बाजूची दोन पानं समोरासमोर, देठाला जवळजवळ चिकटलेली. मधलं मात्र स्वतःच्या लांब देठावर पुढं गेलेलं. तेवढा देठ वाढवला आणि लगेच बेल दिसायला लागला. पानाची रुंदी विषम घ्यायची, नऊ किंवा अकरा चौकटी, म्हणजे टोकाला एकच चौकट येते. सम घेतली तर टोकाला दोन येतात आणि पान बोथट होतं.

तुळशीचा जीव मंजिरीत. मधल्या काडीच्या दोन्ही बाजूंना जांभळा एकेक टाका, मग एक ओळ मोकळी, पुन्हा तेच. पानाची कातरलेली कड वेगळी काढावी लागत नाही, फुल्यांच्या पायऱ्यांत ती आपोआप येते. दूर्वा मात्र फुलीत बसतच नाहीत, काडी जाड होते. लडीचा दोरा सहा पदरी असतो. इंचाला 14 चौकटींच्या कापडावर फुलीसाठी मी त्यातले दोन पदर घेते. दूर्वांना एकच घेतला आणि तीन पाती उलट्या टीपेनं काढली.

जागेवरून पुन्हा अडलं. सासूबाई म्हणाल्या, "गणपतीला तुळस वाहत नाहीत, मग शेजारी कामून काढतीस?" गणेश चतुर्थीला चालते, असं मी म्हणून पाहिलं. ते काही चाललं नाही. शेवटी मधे बेल, एका अंगाला तुळस, दुसऱ्या अंगाला दूर्वा. तीन हिरवे रंग दिवसाउजेडी, दारात बसूनच निवडले. ट्यूबलाइटखाली बेलाचा आणि तुळशीचा हिरवा एकच वाटतो.

वन्संना फ्रेम दाखवली तर त्या म्हणाल्या, "वहिनी, तीन पानं म्हणजे आपल्या मराठवाड्याची तीन ज्योतिर्लिंगंच की! परळी, औंढा, वेरूळ." मला हे सुचलंच नव्हतं. खाली नावंही भरून द्या म्हणाल्या, तेव्हा मात्र मी हात जोडले. एवढ्याशा जागेत 'घृष्णेश्वर' लिहायचं म्हणजे तो 'घृ'च अर्धी पट्टी खाणार.

आता जाऊबाईंना तुळजाभवानीसाठी झेंडू आणि भोवती कवड्यांची माळ हवी आहे. झेंडू जमेल. पण पांढऱ्या कापडावर पांढरी कवडी उठायची कशी? बहुतेक गर्द कुंकवी कापडच घ्यावं लागेल, आणि त्यावर चौकटी मोजायच्या तर दिवसाच बसावं लागेल.