दात ॲसिडमध्ये ठेवला आणि तो जास्तच पांढरा झाला

ताईचं एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) चालू आहे आणि तिच्या थिसिसचा फुकटातला कॉम्प्युटरवाला म्हणजे मी. काम ऐकायला सोपं होतं. ब्रेसेससाठी काढलेल्या उपदाढा घ्यायच्या, ताई त्यांचे डिजिटल एक्सरे काढणार, मग चार दिवस ॲसिडच्या द्रावणात बुडवणार (पीएच 5.5 च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं म्हणे, हे द्रावण तर त्याहून कडक), परत एक्सरे, आणि मी इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीचा पांढरेपणा मोजून खनिज किती गेलं ते सांगायचं. कॅल्शियम एक्सरे जास्त अडवतं म्हणून तिथे पांढरं दिसतं, इनॅमलमध्ये वजनाच्या जवळपास 96 टक्के खनिजच असतं, म्हणजे पांढरं कमी झालं तर खनिज कमी झालं. बास.

पहिल्या दहातले तीन दात ॲसिडमधून जास्त पांढरे होऊन आले!

ताई म्हणाली तू पांढरेपणा मोजायचा गोल चुकीच्या जागी काढलास. मी परत काढले, तेच. दोन दिवस भांडलो. मग कळलं की क्लिनिकचं सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो सेव्ह करताना स्वतःच कॉन्ट्रास्ट ताणतं, डॉक्टरला कीड नीट दिसावी म्हणून. त्याचं काही चुकत नाही, ते बघण्यासाठी बनवलंय, मोजण्यासाठी नाही. आम्ही मात्र लग्नाच्या अल्बमवरून नवरीचं हिमोग्लोबिन काढायला बसलो होतो.

उपाय जुना आहे, ॲल्युमिनियमची स्टेप वेज. छोटी जिन्यासारखी पट्टी, प्रत्येक पायरी 1 मिमीने जाड, ती दाताशेजारी त्याच फ्रेममध्ये ठेवायची. मग पांढरेपणाचा 0 (काळा) ते 255 (पांढरा) मधला आकडा कितीही हलू दे, पायऱ्यांचे आकडे पण सोबतच हलतात, त्यांवरून कर्व्ह काढायचा (सरळ रेष नाही हं, जाडी वाढत जाते तसा पुढच्या पायऱ्यांमधला फरक बारीक होत जातो, इथे मी एक दिवस घालवला) आणि दात किती मिमी ॲल्युमिनियमएवढा आहे ते वाचायचं. 1 मिमी डेंटिन (इनॅमलच्या आतला थर) साधारण 1 मिमी ॲल्युमिनियमएवढंच अडवतं, इनॅमल त्याच्या दुप्पट. 1965 च्या जेमिनी अंतराळवीरांच्या टाचेचं हाड पण नासाने अशाच वेजवर मोजलं होतं, आणि तेव्हा हाड जितकं झिजल्याचं सांगितलं ते नंतर फेरतपासणीत बरंच कमी निघालं. हे वाचून मला फार बरं वाटलं, खरं सांगतो.

हे सगळं जेवताना चालू होतं तर आईने लगेच विचारलं, माझ्या गुडघ्याच्या फोटोत हाडं पांढरीशुभ्र आलीत म्हणजे चांगली ना? नाही गं, साध्या एक्सरेवर कळायला आधी तीसेक टक्के खनिज जावं लागतं. त्यासाठी डेक्सा ही हाडांची घनता मोजायची तपासणी करतात, त्यात दोन वेगवेगळ्या एनर्जीचे किरण सोडून मांसाचा हिस्सा वजा करता येतो, टी-स्कोअर (निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी तुलना करून येणारा आकडा) उणे 2.5 किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं. आई म्हणाली, मग बिनापट्टीचा फोटो काढायला एवढे पैसे कशाला घेतात.

आमचे जुने दात ॲसिड पिऊन बसलेत, त्यांचा 'आधीचा' वेजवाला एक्सरे आता काढणार कसा. त्यामुळे ताई रोज ऑर्थोच्या, म्हणजे ब्रेसेस लावणाऱ्या डिपार्टमेंटला विचारते, आज कोणाच्या उपदाढा काढल्या का.