तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या या महागाच्या लॅपटॉपच्या पैशात दोन साधे लॅपटॉप आले असते ना?

आले असते. हे आधीच मान्य करते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

इथे नागपुरात इतवारीतल्या दुकानात बसले की विचारतात, हिंगण्याच्या क्लायंटकडे विचारतात, घरी जेवताना दीर विचारतात. "ताई, तुम्ही आमच्याकडून एकेक पावती मागता अन् स्वतः एवढा महागाचा लॅपटॉप काहून घेऊन राहिल्या?" म्हणजे दुसऱ्यांचे हिशोब लिहिणाऱ्या बाईला स्वतःचा हिशोब जमला नाही, असा त्याचा अर्थ. मी दर वेळी "चांगला आहे हो, टिकतो" एवढंच म्हणून विषय संपवते आणि घरी येईपर्यंत मनात खदखदत राहतं, कारण हे उत्तर खरं नाहीये. टिकतो म्हणून मी तो घेतलेला नाही. टिकेल की नाही हे मला आजही माहीत नाही.

आधी पैशाचं. मशीन ७८,००० चं, त्यावर १८ टक्क्यांनी १४,०४० जीएसटी, एकूण ९२,०४०. तीन वर्षांची ऑनसाइट (माणूस येऊन दुरुस्त करतो ती) वॉरंटी यातच आली. दुसरीकडे शोरूममधला, कर धरून ४५,००० चा, जो सगळे सांगतात. बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटी नंबर टाकून घेतलं तर दोन्हीकडचा कर क्रेडिटमध्ये परत येतो (आपण भरायच्या जीएसटीतून वजा होतो), म्हणजे खरा फरक ४०,००० च्या आत-बाहेर. तीन वर्षांत वाटला तर महिन्याला साधारण १,१००. "टॅक्समध्ये निघून जातो" असं जे सगळे बिनधास्त बोलतात ते मात्र मी कुणाला सांगत नाही. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा (वस्तू जुनी होते म्हणून खर्चात धरायची रक्कम) मिळतो हे खरं, पण घेतल्याच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्याच्या निम्माच. आणि ज्यांचं रिटर्न १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४४एडीए कलमाखाली, मिळालेल्या फीच्या निम्मं उत्पन्न दाखवून भरतात त्यांना घसारा वेगळा मिळतच नाही, तो त्या निम्म्यातच धरलेला असतो. तर तुमचा लॅपटॉप टॅक्समध्ये निघतो की नाही हे आधी पाहून घ्या, मग बोला.

आता मी आधी काय वापरायची ते. महालात छोटं ऑफिस घेतलं तेव्हा मी ४० च्या आतबाहेरचाच घेतला होता आणि तेव्हाची मी चुकीची होते असं मला कुणी म्हटलं तर मी भांडेन. डिपॉझिट, टेबल, प्रिंटर, सॉफ्टवेअरचं लायसन्स, सगळं एकाच वेळी. क्लायंट मोजके, फी महिनोन्‌महिने अडकलेली. तेव्हा दुप्पट पैसे घालणं म्हणजे भाडं थकवणं. आणि त्या मशीनने काम दिलं की! स्कूटीच्या पायाशी ठेवून मी तो गावभर फिरवला. बिजागरीजवळचं प्लास्टिक आधी तडकलं, आतले पितळी नट प्लास्टिकमधून उपटून आले, झाकण उघडताना एका बाजूने वर यायचं, मग मी दोन्ही हातांनी जपून उघडायला लागले. चार्जरची पिन सैल झाली, तर वायर विशिष्ट कोनात ठेवायची सवय झाली. कामाला लागलेला माणूस अशा गोष्टी बिघाडात मोजत नाही.

मग ते मे महिन्यातलं.

नागपूरकरांना नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, सांगायची गरज नाही. ३१ मे ही शेवटच्या तिमाहीच्या टीडीएस रिटर्नची, म्हणजे कापून भरलेल्या कराच्या हिशोबाची, तारीख नेमकी त्यातच येते. माझ्याकडे होतं ते २४क्यू, म्हणजे पगाराचं. या तिमाहीला नुसते कापलेले आकडे चालत नाहीत, प्रत्येक कर्मचाऱ्याचा वर्षभराचा पगार, वजावटी, सगळं त्यात भरावं लागतं. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं रिटर्न मी तिथेच बसून करत होते, अकाउंटच्या खोलीत, कूलरसमोर. दुपारी स्क्रीन काळी झाली. आवाज नाही, काही नाही. चार्जर बदलून पाहिला, बटण दाबून धरलं, तिथल्या इलेक्ट्रिशियनने एक्स्टेन्शन बोर्ड बदलून दिला. तिथला पोरगा म्हणाला, "मॅडम, गरम झाला असन, थोडा थंडा होऊ द्या." कूलरसमोर ठेवला, थंड झाला, आणि तसाच राहिला.

तारीख ३० होती.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. वॉरंटी होती हो! पण ती कॅरी-इन, म्हणजे आपण न्यायचा, आपण आणायचा. काउंटरवरच्या मुलाने सभ्यपणे सांगितलं की चेकिंगला नंबर लागेल, मदरबोर्ड गेला असेल तर तो बाहेरून मागवावा लागेल, आठ-दहा दिवस धरा, आणि डेटाची जबाबदारी आमची नाही इथे सही करा. मी सही केली नाही. तिथून बर्डीवर एका चिप-लेव्हलच्या, म्हणजे मदरबोर्डवरची एकेक चिप दुरुस्त करणाऱ्या, दुकानात. त्याने मागचं झाकण काढलं (ते काढलं की वॉरंटीवर कुरकुर होणार हे मला माहीत होतं), मल्टिमीटरची टोकं चार्जिंगच्या भागाला लावली, टूं आवाज आला आणि तो म्हणाला, "शॉर्ट आहे. चार्जिंगचा आयसी गेला, पुढे अजून काय काय गेलं ते उतरवल्यावर समजन." मी म्हटलं, डिस्क काढून द्या. त्याने ती अंगठ्याएवढ्या रुंदीची पट्टी काढून डबीत घातली, दुसऱ्या मशीनला लावली, तर त्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली. विंडोजने डिस्क आपोआप लॉक केलेली. ती की ऑनलाइन खात्यात होती, ते खातं फोनवर उघडून एकेक आकडा मी वाचत होते, तो टाइप करत होता, आणि दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं.

इथे लोक म्हणतात, "बॅकअप नव्हता का?" होता. आदल्या रात्रीचा होता. आणि डिस्कसुद्धा मिळाली. डेटाचा एक आकडा गेला नाही. हेच मला कुणाला समजावून सांगता येत नाही. डेटा हातात होता आणि काम करायला मशीन नव्हतं. भाच्याचा कॉलेजचा लॅपटॉप आणला. त्यावर जावा टाका, रिटर्नचं युटिलिटी टाका, फाइल तपासणारं युटिलिटी टाका, अकाउंटिंगचं लायसन्स मेलेल्या मशीनवर बांधलेलं ते तिथून सोडवा, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर टाका. ३१ ची दुपार त्यातच गेली. उरलेल्या वेळात सगळी रिटर्न बसणार नव्हती, तर मी आधी छोट्या लोकांची भरली, कारण उशिराचे दिवसाला २०० रुपये त्यांना जड जातात. कारखान्याचं सगळ्यात मोठं होतं, ते मागे राहिलं. मालकांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले होऊन जाईल, काही हरकत नाही. उशिराची फी मी भरली. तो आकडा लहान होता.

पण टीडीएसचं रिटर्न भरून प्रोसेस झाल्याशिवाय फॉर्म १६ चा, म्हणजे पगारातून किती कर कापला त्या दाखल्याचा, पहिला भाग निघत नव्हता. तो १५ जूनपर्यंत द्यायचा होता. त्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारे एक काका होते, त्यांनी मानेवाड्याकडे घर पाहिलं होतं, ईसार दिलेला, आणि बँकेने नवीन फॉर्म १६ मागितला होता. मला हे काहीच माहीत नव्हतं. ते मला रोज सकाळी फोन करायचे, "ताई, आला का हो?" चिडून नाही, अगदी हळू आवाजात, जणू तेच मला त्रास देऊन राहिले. मी सांगायची, प्रोसेस व्हायचंय काका. त्यांना प्रोसेस म्हणजे काय ते माहीत असायचं कारण नव्हतं. ईसाराची मुदत टळली. घरमालकाने मुदत वाढवून दिली, पण वाढवताना भाव वाढवला. किती ते मी विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि तो आकडा चांगल्यातल्या चांगल्या लॅपटॉपपेक्षा मोठा होता.

तो कुठल्या बिलात धरायचा, सांगा.

तर मी काय विकत घेतलं ते आता ऐका. मजबूत मशीन नाही. डब्यावर अमेरिकन लष्कराच्या ८१० नंबरच्या चाचणीचा शिक्का आहे, पण तसा तो आता स्वस्त मॉडेलवरही असतो, आणि त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या ते कंपनीच ठरवते. उन्हाचं म्हणाल तर बहुतेक लॅपटॉपच्या कागदावर चालण्याचं तापमान ३५ अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं, महागाच्याही. आपल्याकडे मे मध्ये बाहेर ४५, एसी नसलेल्या खोलीत रात्रीसुद्धा ३५ च्या खाली येईल याची खात्री नाही. म्हणजे इथे सगळीच मशीनं कागदाबाहेर चालून राहिली आहेत. मी पैसे दिले ते, बिघडला तर माणूस पार्ट घेऊन माझ्या ऑफिसात येईल यासाठी. थिंकपॅड, लॅटिट्यूड (२०२५ पासून तिच्या जागी डेल प्रो), एलिटबुक असल्या बिझनेस मालिकांमध्ये ही सोय नीट मिळते, पार्ट वर्षानुवर्षं मिळतात, झाकण स्क्रूने उघडतं. तेही मॉडेलनुसार बदलतं, कधी एकाच वर्षाची असते, म्हणून घ्यायच्या आधी नेमकी कोणती वॉरंटी आहे हे लेखी घ्या आणि आल्यावर सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून पाहा.

आता यावर तेव्हाची मी काय म्हणेल ते मला माहीत आहे, आणि ती सोपं बोलत नाही. ती म्हणेल, ऑनसाइट वॉरंटीतला "नेक्स्ट बिझनेस डे" म्हणजे फोनवर तपासणी झाल्यानंतरचा दिवस, तोही पार्ट हजर असेल तर, आणि रविवार धरत नाहीत. ३० तारखेला दुपारी बंद पडला असता तर तुझा माणूस ३१ ला संध्याकाळी आला असता. त्यापेक्षा ४५,००० चे दोन घेतले असतेस, दोन्हीवर सगळं टाकून ठेवलं असतंस, तर पंधरा मिनिटांत दुसरा उघडून बसली असतीस. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी म्हणते की दुसरं मशीन जिवंत ठेवावं लागतं, दर महिन्याला अपडेट, युटिलिटी बदलतात, लायसन्स एकाच ठिकाणी चालतं, आणि कपाटातला लॅपटॉप नेमका गरजेच्या दिवशी तीन तास अपडेट घेत बसतो. ती म्हणते, महिन्यातून एक तास. तो एक तास मी काढला नसता हे आम्हा दोघींनाही माहीत आहे, पण ते काही लॅपटॉपविषयीचं उत्तर नाही.

सेकंडहँड बिझनेस मशीन घ्या असंही सांगतात. घ्या, चांगली असतात. फक्त विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, विंडोज ११ च्या यादीत नाही, तेवढं पाहा. बॅटरी नवीन टाकायची हे धरूनच चाला.

आणि कृपा करून मला "कोणता घेऊ" असं नुसतं विचारू नका. तुमचं काम बंद पडलं तर कुणाचं अडतं ते आधी सांगा. फक्त तुमचंच अडत असेल तर ४५ चा घ्या, मी भांडणार नाही.

माझी वॉरंटी येत्या मार्चमध्ये संपते. ती संपायच्या आधीच वाढवावी लागते, वाढवायचा भाव त्यांनी सांगून ठेवलाय, आणि त्यात थोडे घातले तर एक साधा दुसरा लॅपटॉप येतो. मी अजून त्यांना हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. मार्चच्या आत ठरवायचं आहे, पुढे मे आहेच.